भुईतली ऊब, भुईतली धग

मे महिन्यात चांदूर रेल्वेला संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही गच्चीवर अनवाणी जाऊन पाहावं. सूर्य बुडालेला असतो, एखादी झुळूकही येते, पण पायाखालचा स्लॅब तव्यासारखा असतो. त्या वेळी घरोघरी एकच काम चाललेलं असतं, गच्चीवर बादल्या ओतायचं. पहिल्या बादलीची ओल डोळ्यांदेखत उडते, दुसरीची जरा उशिरा, आणि तिसऱ्या-चौथ्या बादलीनंतर कुठं गाद्या टाकता येतात. तरीही रात्री अकराला पाठीला जी धग लागते ती दुपारी एकच्या उन्हाची असते. स्लॅबनं ती दिवसभर साठवून ठेवलेली असते आणि आता तो ती हप्त्याहप्त्यानं परत करत असतो.

जगाच्या थंड भागात लोक याच धगीसाठी पैसे मोजतात. जमिनीत नळ्या टाकतात, त्यांतून कोमट पाणी फिरवतात आणि तिला 'अंडरफ्लोअर हीटिंग' म्हणतात. चांदूर-धामणगावकडची जी मुलं नोकरीसाठी जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये गेली आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या नव्या घरांत ती असते. घर जुनं असेल तर भिंतीला लोखंडी रेडिएटर, नवं असेल तर भिंती मोकळ्या आणि उष्णता जमिनीतून. इकडच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण गच्चीचा स्लॅब आणि तिथली जमीन यांचं शास्त्र एकच आहे, आणि ते नीट कळलं तर वऱ्हाडातल्या घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वेगळ्या बाजूनं दिसतो. तो मुख्यतः भुईचा इतिहास आहे.

या शास्त्रात तीनच गोष्टी असतात. उष्णता, ती साठवणारं वजनदार द्रव्य आणि वेळ. हवा लवकर तापते आणि लवकर निवते. दगड, वीट, माती, काँक्रीट यांना तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. म्हणून खोलीतली हवा तापवण्याऐवजी जमीनच तापवली, तर विस्तव विझल्यावरही ऊब तासन्‌तास टिकते. रोमन लोकांनी हे स्नानगृहांसाठी वापरलं. विटांचे बुटके खांब रचायचे, त्यांवर मोठ्या लाद्या टाकून वरची जमीन करायची, आणि खालच्या पोकळीत बाहेरच्या भट्टीचा धूर-जाळ सोडायचा. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञानं त्याची मापं दिली आहेत. खांब 2 फूट उंच असावेत आणि पोकळीचा तळ भट्टीकडे असा उतरता असावा, की आत टाकलेला चेंडू आपोआप भट्टीच्या तोंडाशी परत यावा. या शोधाचं श्रेय प्लिनी ज्याला देतो तो सर्जियस ओराटा कालवांची शेती करणारा व्यापारी होता. तो म्हणे बंगले विकत घेई, त्यांत अशी स्नानगृहं बसवी आणि चढ्या भावानं विकून टाकी. जुन्या घरात नवी सोय घालून किंमत वाढवायचा धंदा दोन हजार वर्षांपूर्वीही चालत होता तर!

कोरियात हीच कल्पना राजवाड्यापासून झोपडीपर्यंत पोचली. तिथल्या 'ओंडोल' घरात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी बोगद्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यानं बाहेर जाई. एका जाळात भातही शिजे आणि भुईही तापे. दगडांवर माती आणि तिच्यावर तेल दिलेला कागद. चुलीकडची बाजू सगळ्यात उबदार, म्हणून ती जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची. आपल्याकडे उन्हाळ्यात माजघरातला सगळ्यात गार कोपरा आजोबांचा किंवा जावयाचा असे, त्याचंच हे उलटं रूप.

याच कोरियातली एक गोष्ट मात्र भीषण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर लाकूड संपत आलं आणि शहरांतल्या ओंडोलमध्ये कोळशाच्या भुकटीच्या गोल वड्या जळू लागल्या. जमिनीला बारीक चीर गेली, की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वर यायचा. त्याला ना वास, ना रंग. 1960 आणि 70च्या दशकांत तिथं हिवाळ्याच्या सकाळी अख्खी कुटुंबं अंथरुणात मेलेली सापडत. ओंडोल टिकला तो धुराच्या जागी बंद नळ्यांतलं गरम पाणी आल्यामुळे. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदानं जपानमध्ये एका यजमानाच्या घरची 'कोरियन खोली' अनुभवली आणि पुढं 1937च्या जेकब्ज हाउसमध्ये जमिनीखाली नळ्या घातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिटाउनच्या हजारो स्वस्त घरांत जमिनीतल्या तांब्याच्या नळ्या आल्या. त्या काही वर्षांनी गळू लागल्या आणि पक्की जमीन फोडल्याशिवाय दुरुस्ती होईना. आजच्या पद्धतीतली नळी प्लास्टिकची असते आणि एका खोलीत मध्ये सांधा न ठेवता सलग फिरवतात, ती याच अनुभवानंतर.

हिंदुस्थानात गरम भुई कुठं होती? काश्मीरच्या मशिदींत आजही आहे. दगडी लाद्यांखाली पोकळी, तिच्यात लाकडाचा जाळ, वर नमाजाला आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली. तिथंही तिला हमामच म्हणतात, आणि अलीकडं खाजगी घरांतही तसे हमाम बांधले जातात. लाहोरला वजीर खानाच्या 1635च्या हमामात गरम धुराचे जमिनीखालचे मार्ग जतनाच्या कामात उघडे झाले. आपल्या सगळ्यात जवळचा नामांकित हमाम बुऱ्हाणपूरचा. मेळघाट ओलांडला की आलंच बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी बाजारात मराठी सहज ऐकू येते. मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचं ते मुख्य ठाणं होतं. 1596मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला, 1601पर्यंत बुऱ्हाणपूर-अशीरगड पडले, आणि वऱ्हाडच्या लढायांत वावरलेला अब्दुर्रहीम खानखाना इथं वर्षानुवर्षं राहिला. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते. 1631मध्ये मुमताजमहल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली.

हमाम बुऱ्हाणपूरपर्यंत आला आणि वऱ्हाडातल्या वाड्यांत शिरला नाही, याचं कारण उघड आहे. उंच सखल दोन गोष्टींपैकी एक हवी: बोचरी थंडी किंवा फुकटचं सरपण आणि नोकरचाकर. चांदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी सदरा नको वाटावा इतकं ऊन असतं. तेवढ्यासाठी भुईखाली भट्टी कोण घालणार? वऱ्हाडात खऱ्या अर्थानं थंडी असलेली जागा म्हणजे चिखलदरा. 1823मध्ये कॅप्टन रॉबिन्सन तिथं पोचला आणि पुढं साहेबांचे बंगले झाले. त्यांत शेकोटीची कोनाडे आली, पण तीही भिंतीत. बौद्ध संघाच्या नियमग्रंथांत 'जंताघर' नावाची गरम खोली आहे. भिक्षू तिथं तोंडाला माती चोपडून घाम काढत बसत. धूर जायला नळकांडंही असे. पण तिथंही विस्तव खोलीतच, जमिनीच्या वर.

तरी एक अपवाद वऱ्हाडात घरोघरी होता, आणि तो बायकांच्या खोलीत होता. बाळंतिणीची बाज. सुंभानं विणलेली बाज म्हणजे भोकाभोकांची जमीनच. तिच्याखाली घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यांवर ओवा, शेपा, लसणाच्या साली. वर बाळ-बाळंतीण. दारं-खिडक्या लावलेल्या, वारं लागू नये म्हणून. चैत्र-वैशाखातही. रोमन पोकळीत जे चाले तेच इथं, फक्त मधली लादी नाही, धूर सरळ अंगाला. शेकानं पाठीला आराम पडत असेल, यात शंका नाही. पण बंद खोलीतले निखारे जे करतात ते सोलमध्ये करतात तसंच चांदूरलाही करतात. आता डॉक्टर धुरी नको म्हणून बजावतात आणि बऱ्याच घरी ते ऐकलं जातं. या एका शेगडीवर कुणी घरबांधणीच्या इतिहासात ओळभर लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात ती कुठून येणार?

एरवी इथल्या घराचा सगळा खटाटोप भुई गार ठेवायचा. गावाच्या जमिनीचे जुने दोन भाग आहेत, पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीत वावरं. ही वाटणी नुसती सोयीची नव्हती. वऱ्हाडची काळी कापसाला चांगली आणि घराला वाईट. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेली भुई वर-खाली होत राहते. पांढरीची माती अशी हलत नाही. त्या भुईवर मुरूम आणि माती टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून जमीन करत आणि तिला शेणामातीनं सारवत.

अशी जमीन गार का लागते, याचं उत्तर खोलवर आहे. काही हात खाली मातीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, आणि ते त्या गावच्या वर्षाच्या सरासरीइतकं असतं. आमच्याकडे साधारण 27 अंश. वर 45 अंशांची तपन असली, तरी सावलीतली भुई खालच्या मातीशी जोडलेली असते. तळपायाची उष्णता ती ओढून घेते. त्यात सारवणाची ओल उडताना आणखी गारवा देते. शेणातल्या तंतूंनी भेगा धरल्या जातात. वर धाब्याचं छत: सागाच्या बल्ल्या, त्यांवर फळ्या किंवा काड्या, पाला आणि वर जाड मातीचा थर. दुपारचं ऊन या मातीतून झिरपत खाली यायला मध्यरात्र उलटते, आणि तोवर लोक अंगणात झोपलेले असतात. म्हणजे ओंडोलमध्ये जे द्रव्य ऊब साठवायला लावलं, तेच इथं ऊन अडवायला.

मात्र या गारव्याची किंमत कोण देत होतं, हे विसरून जुन्या घराचे गोडवे गाऊ नयेत. शेण गोळा करणं, माती आणणं, कालवणं, ओणव्यानं अख्खं घर हाताच्या पंजानं सारवणं, चार दिवसांनी पुन्हा तेच. सणवार आले की भिंतीही. पावसाळ्यात धाबं गळे, त्याची खारी माती दरवर्षी पसरायची. साप-विंचू भिंतींत. 1993च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून मातीच्या छताची धास्ती बसली ती महाराष्ट्रभर.

बदलाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती आणि ती आगगाडीनं आणली. 1853च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1867मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून येणारी वाट भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. या वाटेवरचं म्हणून हे चांदूर 'रेल्वे', आणि त्याच जिल्ह्यातलं दुसरं 'बाजार'. गाडीनं कापूस मुंबईला नेला आणि येताना लोखंडी गर्डर, पन्हाळी पत्रा, पुढं सिमेंट आणलं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या वाटेवर, मुंबई-रायचूर मार्गावर, निजामाच्या मुलखात शहाबाद होतं. तिथला निळसर करडा चुनखडक पापुद्र्यांसारखा सुटतो. शहाबादी फरशीच्या नावातलं गाव ते हेच. चुन्यात बसवलेली ही फरशी मातीच्या भुईवरच टेकलेली असे, आणि दगड मातीपेक्षा लवकर उष्णता ओढत असल्यानं पायाला आणखी गार लागे. सावकाराच्या बैठकीत, जिनिंगच्या कचेरीत, मग ओसरीवर, मग स्वयंपाकघरात ती आली. माझ्या मते वऱ्हाडातल्या बायकांच्या गुडघ्यांवर शहाबादी फरशीइतके उपकार दुसऱ्या कुठल्या वस्तूनं केले नाहीत. गारवा राहिला आणि सारवण गेलं.

सिमेंट-लोखंडाच्या स्लॅबबद्दल असं म्हणता येत नाही. चार-पाच इंचांचा स्लॅब पावसाला अडवतो, वर दुसरा मजला पेलतो, घराची पत वाढवतो. पण उन्हापुढं तो फार पातळ आहे आणि तापवायला फार सोयीचा. दुपारी त्याचा वरचा पृष्ठभाग पन्नास-साठ अंशांवर जातो आणि ती उष्णता तीन-चार तासांत खालच्या अंगाला पोचते. म्हणजे बरोबर दिवेलागणीला, माणसं घरात येतात तेव्हा. युरोपातल्या मानकाप्रमाणे राहत्या खोलीतली तापवलेली जमीन 29 अंशांच्या वर जाऊ नये, पायांना त्रास होतो. आमची गच्ची हे मानक सकाळी नऊलाच मोडते. आणि ज्यांचं घर दुमजली आहे, त्यांच्या वरच्या खोलीच्या जमिनीखाली मातीच नसते. भुई मातीपासून सुटली, तिथंच तिचा गारवाही सुटला. मग कूलर आला, त्याची टाकी भरायचं काम आलं, आणि पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावात तेही बाईच्याच वाट्याला आलं.

नव्या घरांची आणखी एक गोष्ट आहे. ती पांढरीवर नाहीत. गावाबाहेर वावरं अकृषक करून पाडलेल्या ले-आउटमधली घरं थेट काळीवर उभी आहेत. जाणता मिस्त्री प्लिंथमधली काळी माती उपसून मुरूम भरतो, थराथरानं पाणी मारून दाबतो, दगडांचं सोलिंग करतो, मग कोबा. घाईचा किंवा स्वस्तातला ठेकेदार वरवरची माती खरवडून टाइल बसवतो. तीन पावसाळ्यांत टाइल पोकळ वाजायला लागते, सांधे उघडतात, भिंतीलगत चीर जाते. अशा जमिनीत कुणी हौसेनं गरम किंवा गार पाण्याच्या नळ्या घातल्याच, तर लेव्हिटाउनचं दुखणं इथं दहा वर्षांऐवजी दोन वर्षांत दिसेल.

जुन्या घरात नवी जमीन घालण्याची अडचण मात्र सगळीकडे सारखी आहे, ती म्हणजे उंची. युरोपात जुन्या घरात नळ्या घालायच्या तर खाली उष्णता अडवणारा थर, वर नळ्या, त्यावर सिमेंटचा कोबा, वर टाइल. जमीन तीन-चार इंच वर येते. दारं खालून कापावी लागतात, जिन्याची पहिली पायरी बुटकी होते, लाकडी तुळयांना वजन झेपेल का ते पाहावं लागतं. म्हणून आता जुन्याच जमिनीत खाचा पाडून नळी बसवायची युक्ती निघाली आहे. आमच्याकडे शहाबादी उखडायला मजुरी जास्त, म्हणून फरशीवरच टाइल बसवतात. जमीन दीड-दोन इंच वर येते, दारं रंधून बारीक होतात, न्हाणीचं पाणी उलटं घरात येतं आणि उंबरठा जमिनीत जातो. ज्या उंबरठ्याला लेकी-सुनांनी हळदीकुंकू लावलं, तो दाराच्या चौकटीत नुसती एक रेघ म्हणून उरतो. वरून ही टाइल गुळगुळीत, ओल्या पायानं म्हातारं माणूस हमखास घसरावं अशी.

घरकुलांचं काय? 1985च्या इंदिरा आवासपासून 2016च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत ग्रामीण गरिबांना पक्कं घर मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. नव्या योजनेत किमान 25 चौरस मीटर. एवढ्याशा जागेत वर पत्रा किंवा उघडा स्लॅब, आणि दुपारी बारा ते चार आत कोण असतं? चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभी बाई, म्हातारी माणसं, आजारी, नुकती बाळंत झालेली पोर. तिला आता शेगडीची गरज उरलेली नाही, छतच शेकतं.

ही धग कमी करायला नळ्या लागत नाहीत. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, तर थर जाड होतो. त्यावर पांढरा चुना मारला, तर ऊन आत शिरण्याआधीच परत जातं. अहमदाबादनं 2013मध्ये उष्णतेच्या लाटेचा कृती आराखडा केला, नंतर नागपूरनंही केला, आणि तेलंगणानं 2023मध्ये शीतल छतांचं धोरणच आणलं. श्रीमंती उपायही आहे. तीच नळी, तोच स्लॅब, फक्त आत गरम पाण्याऐवजी गार पाणी. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसच्या आवारात 2011 साली अशी इमारत उभी राहिली. तिच्या अर्ध्या भागात स्लॅबमधून गार पाणी फिरतं आणि उरलेल्या अर्ध्या भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा, म्हणजे तुलना करता यावी. पण मृगानंतर हवेत ओल आली, की गार स्लॅबला घाम सुटतो. गार पाण्याच्या लोट्यावर थेंब जमतात तसा. म्हणून हवेतली ओल आधी काढावी लागते, आणि तिथं यंत्र आलंच.

चुन्याला यातलं काही लागत नाही. चैत्रात अक्षय तृतीयेच्या आधी कळीचा चुना पाण्यात विरवायचा, त्यात थोडा डिंक घालायचा, तो धरून राहतो, आणि गच्ची झाडून, धुऊन, कोरडी झाल्यावर कुंच्यानं दोन हात द्यायचे. पावसाळ्यात तो जातो. पुढच्या वर्षी पुन्हा.